प्लेअर पियानोचे ८८ भाते : इंदूरमधल्या दुरुस्तीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

आमचं दुकान पेट्यांचं, म्हणजे हार्मोनियमचं. बाबांनी चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त केल्या, गेली चौदा वर्षं मी करते. भाता, कातडं, सरस हे रोजच्या हातातलं काम. त्यामुळे रामबागेतल्या काकूंनी त्यांचा प्लेअर पियानो बघायला बोलावलं तेव्हा लगेच गेले. भोकं पाडलेल्या कागदाचा रोल चढवायचा, खालचे दोन पायटे मारायचे आणि पट्ट्या आपोआप दबायला हव्यात. काकू म्हणाल्या, "सासऱ्यांनी लिलावात घेतला होता गं. मी लग्न होऊन आले तेव्हाही नुसता हाताने वाजायचा, पायाने कधीच नाही. एकदा तरी ऐकायचाय मला."

तारा, हातोड्या बऱ्या आहेत. समोरची सरकती दारं उघडली की पितळी पट्टी दिसते, तिच्यावर भोकांची एक रांग. मोजली तर इंचाला ९ भोकं, ८८ सुरांची. रोल सव्वाअकरा इंच रुंद. म्हणजे यंत्र १९०८ नंतरचं असणार. त्या वर्षी अमेरिकेत बफेलोला कारखानदारांनी एकत्र बसून ८८ सुरांचा हा आकार नक्की केला. त्याआधी ६५ सुरांचे रोलही खूप चालायचे, त्यांची भोकं इंचाला ६. कुणी असं काम घेणार असेल तर हे मोजमाप पहिल्याच दिवशी करा, पुढे कोणते रोल चालतील ते यावरच ठरतं. झाकणावर लंडनच्या एका दुकानाचं नाव आहे, आतल्या यंत्रावर कुणाचंच नाही.

काम घेतलं. पेटीवाल्यांपैकी कुणाला पुढेमागे असं यंत्र भेटलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवते आहे.

१७ नोव्हेंबर

पियानो काकूंकडेच ठेवला. फक्त वरचा स्टॅक (झडपा आणि छोटे भाते बसवलेला भाग), खालचे पायभाते आणि रोल फिरवणारी हवेवरची मोटर काढून दुकानात आणली. काढायला पाच तास लागले, टेम्पोचे ६०० काकूंनी दिले.

चालतं कसं, ते एकदाच सांगते. रोलमधलं भोक पितळी पट्टीच्या भोकावर आलं की बाहेरची हवा शिशाच्या बारीक नळीतून आत शिरते. नळीच्या दुसऱ्या टोकाला लाकडात कोरलेली वाटी, वाटीवर पातळ कातड्याची गोल चकती. पुस्तकी नाव पाऊच. बाबांनी बघितल्याबरोबर तिला टिकली म्हटलं, आता दुकानात तेच नाव आहे. टिकली फुगते, तिच्यावरची झडप उचलली जाते, छोट्या भात्यातली हवा पायभात्यांकडे खेचली जाते, भाता मिटतो आणि हातोडी तारेवर जाते. कागदाने भोक पुन्हा झाकलं की टिकलीखाली अडकलेली हवा मिलिमीटरभराच्या छिद्रातून निघून जाते आणि सगळं जागेवर येतं. प्रत्येक सुराला एक नळी, एक टिकली, एक झडप, एक भाता.

आपल्या पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, इथे सगळं खेचीवर चालतं. पेटीची गळती हाताला वारा लागून कळते. इथे हाताला काही लागत नाही, बाहेरची हवाच आत ओढली जाते. मी पहिला आठवडा हात फिरवत बसले. बाबांनी उदबत्ती लावून दिली. धुराची सरळ रेघ सांध्याजवळ वाकली आणि आत गेली. तेव्हापासून उदबत्तीचा पुडा हत्यारांच्या डब्यातच असतो.

शिशाच्या नळ्यांवर पांढरी भुकटी आहे, कुठे कुठे नळीच भुसभुशीत झाली आहे. मी सवयीने दोन नळ्यांना तोंड लावून हवा ओढून बघितली होती. शिशाचा गंज विषारी. तसं अजिबात करू नका. हातमोजे, मास्क आणि तपासायला रबराचा फुगा वापरा.

२४ नोव्हेंबर

छोटे भाते तीन रांगांत आहेत : २९, ३०, २९. सगळ्यांचं रबरी कापड कडक झालंय, बोटाने दाबलं तरी घडीवर चिरतं. भाते फळीवर सरसाने चिकटवलेले. पातळ सुरी सांध्यात धरून तिच्या पाठीवर हलकी हातोडी मारली की जुना सरस 'टक्' आवाज करून सुटतो, लाकडाला ओरखडाही येत नाही. पहिल्या दोन रांगा, म्हणजे ५९ भाते, एका दिवसात निघाले.

तिसऱ्या रांगेतले १७ भाते आधी कुणीतरी पांढऱ्या गोंदाने चिकटवलेत. त्या १७ ना चार दिवस लागले. सुरी शिरत नाही, शिरली तर लाकूड फाडत जाते. ९ भात्यांच्या फळ्या फुटल्या. मिस्त्रींकडून त्याच जाडीच्या नव्या करून घ्याव्या लागल्या, ३,००० रुपये. उरलेला गोंद पटाशीने खरवडला, कारण गोंदाचा पातळसा थर राहिला तरी त्यावर सरस धरत नाही.

१ डिसेंबर

माझी चूक. भात्यांवर पेन्सिलीने नंबर घातले होते, पण बाहेरच्या कडेवर. जुनं कापड काढून कडा काचपेपरने घासल्या आणि ४१ भात्यांचे नंबर पुसले गेले. सगळे भाते एकसारखे दिसतात, पण हातोडी उचलणारी बोटं प्रत्येकाची थोडी वेगळ्या जागी आहेत. फळीवरच्या सरसाच्या खुणा जुळवत दीड दिवस गेला. नंबर भात्याच्या आतल्या बाजूला घाला, तिथे काचपेपर जात नाही.

१५ डिसेंबर

पेटीच्या भात्याला वापरतो तेच कापड लावून बघितलं. १,८०० रुपयांचं आणलं, बारा भाते मढवले. दिसायला सुबक, गळती शून्य. पण काम करत नाहीत. भाता मिटतो आळसावल्यासारखा, उघडतो त्याहून हळू. एकच सूर भराभर वाजवायचा तर भाता सेकंदात कितीतरी वेळा मिटून उघडला पाहिजे, आणि हे कापड घडीवरच निम्मी ताकद खातं. भाता उभा धरून हात सोडला तर वरची फळी स्वतःच्या वजनाने मिटली पाहिजे. माझी तशीच उघडी राहिली.

सरस होता म्हणून बारा भाते ओल्या गरम फडक्याने तासाभरात मोकळे झाले. पांढरा गोंद वापरला असता तर बारा फळ्या गेल्या असत्या.

यासाठीच विणलेलं पातळ रबरी कापड परदेशातून मागवलं. छोट्या भात्यांना पातळ, पायभात्यांना जाड. जकात आणि कुरिअर धरून २१,५०० रुपये. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि इथे पैसे वाचवायला जाऊ नये असं मला आता ठामपणे वाटतं. टिकल्यांचं कातडं वेगळं, दोन कातडी ८,७०० ला.

२६ जानेवारी २०२५

पार्सल पाच आठवड्यांनी आलं. उत्साहात त्याच संध्याकाळी बसले आणि नऊ भाते वाया घालवले.

सरस सियागंजातून आणलेला, दाणेदार, दीड किलो ९०० रुपये. रात्रभर पाण्यात भिजवायचा, मग गरम पाण्यात भांडं ठेवून साधारण ६० अंशांवर वितळवायचा. उकळला तर ताकद जाते. ते सगळं नीट केलं होतं. पण दुकानात थंडी होती, लाकूड गार. ब्रश फिरवून कापड उचलेपर्यंत सरसाची साय धरली. कापड वरून चिकटल्यासारखं दिसलं, सकाळी नख लावलं तर सोलून आलं.

आता पद्धत अशी : काम दुपारी बारा ते चार. फळ्या आधी दिव्याखाली कोमट करायच्या. एका वेळी एकाच कडेला सरस, कापडाची पट्टी ताणून बसवायची, कोमट ओल्या फडक्याने घासायची, मग दुसरी कडा. बिजागरीकडून सुरुवात केली की कोपरा नीट मुडपतो. जास्तीचं कापड दुसऱ्या दिवशी नव्या ब्लेडने कापायचं. असे दिवसाला आठ-नऊ होतात. मढवलेला भाता मिटवून ठेवू नका, उघडाच वाळवा. मी तीन मिटवून ठेवले आणि आतल्या आत चिकटले.

१६ फेब्रुवारी

८८ भाते झाले. भोकावर बोट ठेवून भाता उघडायला गेलं तर उघडता कामा नये, ही परीक्षा. चार नापास, पुन्हा केले.

आता टिकल्या. कातडं इतकं पातळ की वर्तमानपत्रावर ठेवलं तर मथळे दिसतात. पण टिकली ताणून चिकटवायची नाही, मध्ये ३ मिलिमीटरचा झोळ हवा. झोळ नसेल तर ती झडप उचलत नाही. मिस्त्रींनी शिसवीचं एक गोल टोक करून दिलं. सरस लावला की टिकली वाटीवर ठेवायची आणि त्या टोकाने हलकेच दाबायची, झोळ आपोआप पडतो. कातड्यातून हवा झिरपते म्हणून वरून रबराचा अगदी पातळ हात द्यावा लागतो. मी सायकल पंक्चरचं सोल्यूशन खूप पातळ करून वापरलं. त्याची वाफ पेट घेते, सरसाची शेगडी बंद करूनच हे काम करा.

ती मिलिमीटरभराची छिद्रं कचऱ्याने बुजली होती. १ मिलिमीटरचं ड्रिल चिमटीत धरून हाताने फिरवलं. मशीनला लावलं तर छिद्र मोठं होतं आणि सूर कायमचा दुबळा पडतो.

२ मार्च

झडपांची कातडी तोंडं चुन्यासारखी कडक झाली होती, सगळी बदलली. झडप वरखाली किती हलते ते महत्त्वाचं, इथे ०.९ मिलिमीटर ठेवलं. गाडीच्या मेकॅनिककडचं गेज मागून आणलं. कमी ठेवलं तर भात्यातून हवा पुरेशी निघत नाही, जास्त ठेवलं तर झडप जागेवर यायला वेळ लावते आणि हवा फुकट जाते.

मग मोठी चूक. स्टॅक जोडून तपासायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर थेट लावला. फट् फट् असे दोन आवाज आले. दोन टिकल्या वाटीतून उपटल्या, एक मधोमध फाटली. क्लीनरची खेच या यंत्राला सोसवेल त्याच्या कितीतरी पट असते. नळीला एक मोठं भोक पाडून त्यावर सरकती पट्टी बसवली, आणि खेच मोजायला पारदर्शक नळी यू आकारात वाकवून, निळ्या शाईचं पाणी भरून, मागे फूटपट्टी लावली. दोन बाजूंच्या पाण्यात ५ इंचांचा फरक म्हणजे हळू वाजवण्याइतकी खेच. आता सगळी तपासणी ५ इंचांवरच. हे साधन पहिल्या दिवशी करायला हवं होतं, अर्ध्या तासाचं काम होतं.

पितळी पट्टी चिकटपट्टीने पूर्ण झाकली आणि खेच सुरू केली. सगळं गप्प असायला हवं, तर ७ सूर वाजून तसेच अडकले. पेटीची पट्टी बोलत राहते तसे. सातही ठिकाणी माझाच सरस त्या बारीक छिद्रांत गेला होता.

लक्षणं लिहून ठेवते. सूर वाजला आणि सुटलाच नाही तर छिद्र बुजलंय. सूर उठतच नाही किंवा मरगळलेला उठतो तर टिकली गळतेय, नाहीतर झोळ कमी आहे. सतत 'स्स्' आवाज येतो आणि पाण्याचा फरक घसरत जातो तर झडप नीट बसत नाही. मी आधी सगळं एकदम उघडायचे. या तीन लक्षणांनी कुठे बघायचं ते लगेच कळतं.

२१ मार्च

रंगपंचमीला दुकान बंद, राजवाड्याकडे गेरीची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची गर्दी. दोन दिवस घरी बसून नळ्या कापल्या. शिशाच्या सगळ्या काढल्या. त्यांच्या जागी माशांच्या टाकीला हवा देणारी सिलिकॉनची मऊ नळी, आतून ४ मिलिमीटर. पितळी तोट्यांवर घट्ट बसते. ५० मीटर, २,२५० रुपये. त्याच दुकानात पारदर्शक प्लॅस्टिकची निम्म्या किमतीत होती, पण ती वर्षा-दोन वर्षांत कडक होऊन तोटीवरून सुटते, पेटीच्या कामात अनुभव घेतलाय. नळीला तीव्र वळण देऊ नका, आतून चपटी झाली की तो सूर गेला.

१३ एप्रिल

पायभाते. दोन मोठे भाते, मागे साठ्याचा तिसरा, आत कातडी पट्ट्यांच्या झडपा. आतली रचना जवळजवळ पायपेटीसारखीच, त्यामुळे हे काम पटापट झालं. इथेच मी आळस केला. मोठ्या कापडाच्या कडेला सरस भराभर थिजत होता, आणि चारपैकी शेवटच्या कडेला कपाटातला पांढरा गोंद लावला. बाबा समोर बसले होते. "बाई, हे परत उघडावं लागलं तर?" एवढंच म्हणाले. मी ऐकलं नाही.

सगळी तोंडं बंद करून साठ्याचा भाता दाबून सोडला, पूर्ण उघडायला २६ सेकंद लागले. त्या दिवशी समाधान वाटलं.

१८ मे

तोच भाता आज ८ सेकंदांत उघडला. उदबत्तीचा धूर थेट पांढऱ्या गोंदाच्या कडेवर वाकला. आतल्या स्प्रिंगचा ताण त्या कडेवर सतत असतो, आणि मेच्या उकाड्यात गोंद मऊ पडून कापड दोन मिलिमीटर सरकलं होतं. सरसाच्या तिन्ही कडा जशाच्या तशा. गोंदाची कडा खरवडायला तीन दिवस, लाकडाला दोन खड्डे पडले ते सरस आणि लाकडाच्या भुशाने भरले. ज्या गोंदासाठी मी नोव्हेंबरमध्ये त्या अनोळखी माणसाला नावं ठेवली, तोच माझ्या हाताने लावला याचं मला फार वाईट वाटलं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "चल, पाणी तापव."

उकाड्यात सरसाला मात्र वेळ भरपूर मिळतो. मोठ्या कडा आता सावकाश लावता आल्या.

१ जून

रोल फिरवणारी मोटर. पाच छोटे भाते एका दांड्याला जोडलेले, वर सरकत्या लाकडी झडपा. कापड बदललं, सरकपट्ट्यांना तेल अजिबात नाही, फक्त ग्रॅफाइटची पूड. तरी मोटर प्रत्येक फेऱ्यात लंगडत होती. एका सरकपट्टीची जागा दीड मिलिमीटर चुकली होती, ती सरळ केली.

वेग तपासायची रीत सोपी आहे. वेगाचा काटा ७० वर ठेवला की एका मिनिटात ७ फूट कागद सरकला पाहिजे. रोलवर २१३ सेंटिमीटरवर खडूची खूण केली आणि घड्याळ लावलं. पहिल्यांदा साडेपाच फूट. वेग सांभाळणाऱ्या छोट्या भात्याची स्प्रिंग दोन वेढे घट्ट केल्यावर सात फूट एक इंच. तेवढ्यावर थांबले.

२२ जून

सगळं काकूंकडे नेऊन जोडलं. १४ रोलपैकी ५ कसरीने खाल्लेत, ते बाजूला ठेवले. पहिला रोल चढवला तर ८८ पैकी ६९ सूर बोलले. उरलेल्या १९ पैकी ११ जणांच्या नळ्या मी जोडताना एकाने सरकवल्या होत्या, म्हणजे शेजारचाच सूर वाजत होता. दोन तासांत सुधारलं. ८ ठिकाणी जुनी भुकटी पितळी भोकांत राहिली होती, फुग्याने उलटी खेच देऊन ओढून काढली.

खर्चाची बेरीज : चुकलेलं कापड १,८००, खरं कापड २१,५००, कातडी ८,७००, नळ्या २,२५०, सरस ९००, मिस्त्री ३,०००, फेल्ट-स्क्रू-स्प्रिंगा २,४००. एकूण ४०,५५० रुपये, मजुरी सोडून. साडेसात महिन्यांत मोजून ३१० तास, त्यातले सत्तर तरी माझ्या चुका निस्तरण्यात गेले.

१३ जुलै

पावसाळा लागला आणि मोटरच्या दोन सरकपट्ट्या दमट हवेने जड झाल्या. काढून बारीक काचपेपरवर दोनदाच ओढल्या, पुन्हा ग्रॅफाइट. जास्त घासू नका, थंडीत लाकूड आकसलं की तिथूनच गळेल.

काकू आज स्वतः स्टुलावर बसल्या. त्यांचे पाय पायट्यांवर नीट पोचत नव्हते, खाली पाट ठेवला. पहिल्या चार-पाच वेळा नुसती हवा ओढली गेली, मग रोल सरकला आणि खालच्या सप्तकातल्या तीन पट्ट्या एकदम दबल्या. काकूंनी दचकून पाय उचलले. सूर मावळला. "थांबू नका काकू, मारत राहा," मी म्हटलं. त्यांनी तो रोल शेवटपर्यंत वाजवला, मध्ये एकदाच दम घ्यायला थांबल्या. पाय जोरात मारले की सूर मोठा होतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

राहिलेलं काम : तिसऱ्या रांगेतला ७१ वा सूर भराभर वाजवताना मागे पडतो, त्याची झडप ०.९ वरून थोडी कमी करून बघायची आहे. रोल डावीकडे मिलिमीटरभर सरकतो. स्टॅकच्या आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय : सगळे सांधे सरसाचे, गरम ओल्या फडक्याने उघडतात, तिसऱ्या रांगेत ९ फळ्या नव्या. दोन्ही कामं दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.